व्हर्च्युअल डिस्क दुसरीकडे नेली की सिस्टिम बूट होत नाही: नेमकं कुठे अडलंय आणि काय करायचं

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारं साधन) व्यवस्थित चालणाऱ्या विंडोजची किंवा लिनक्सची डिस्क-फाइल उचलायची, व्हीएमवेअर, हायपर-व्ही किंवा केव्हीएम अशा दुसऱ्या साधनात जोडायची, नाहीतर थेट लॅपटॉपवर बूट करायची, आणि समोर निळी स्क्रीन, काळी स्क्रीन किंवा ‘बूट करण्याजोगं काही सापडलं नाही’ असा संदेश. हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक जण फाइल बिघडली असं धरतात आणि पुन्हा कॉपी करतात, किंवा व्हीडीआयचं व्हीएमडीके, व्हीएमडीकेचं व्हीएचडीएक्स असं फॉरमॅट बदलत राहतात. त्याने काही सुटत नाही, कारण फाइल क्वचितच बिघडलेली असते.

डिस्क-फाइलमध्ये फक्त डिस्क असते. ती ज्या मशीनमध्ये होती त्या मशीनचं फर्मवेअर (मशीन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) जुनं बायोस होतं की नवं यूईएफआय, डिस्क कोणत्या कंट्रोलरवर (डिस्क मशीनला जोडणारा भाग) बसवली होती, यूईएफआयच्या एनव्हीरॅममध्ये (सेटिंग जपणारी मेमरी) बूटची कोणती नोंद होती, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) किल्ली कोणत्या टीपीएममध्ये (किल्ल्या जपणारी चिप) होती, यातलं काहीच तिच्यासोबत येत नाही. हे सगळं नव्या ठिकाणी तुम्हालाच जुळवावं लागतं. काय जुळलेलं नाही हे ओळखायची खूण एकच: बूट किती पुढे जाऊन थांबतं. म्हणून खालची मांडणी त्याच क्रमाने आहे. आधी फाइल जोडलीच जात नाही ते, मग फर्मवेअरपाशी थांबतं ते, मग सिस्टिम सुरू होता होता मरते ते.

हलवण्याआधी, जुनी मशीन अजून चालू होत असताना

एवढी तयारी केली तर पुढचे निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत. मशीन पूर्ण बंद करा. ‘सेव्ह्ड स्टेट’ किंवा सस्पेंड चालत नाही. विंडोजमध्ये नेहमीचं शटडाउनसुद्धा पुरेसं नसतं, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नल हायबरनेट होऊन डिस्कवर पडून राहतं. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या आणि मग शटडाउन करा.

बिटलॉकर चालू आहे का ते ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ने पाहा. चालू असेल तर पूर्ण काढून टाका, किंवा निदान ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. व्हर्च्युअल टीपीएमची माहिती मशीनच्या सेटिंगसोबत राहते, डिस्कसोबत नाही, त्यामुळे नव्या जागी विंडोज ती किल्ली मागणारच.

स्नॅपशॉट (मशीनच्या एखाद्या क्षणाची जपलेली अवस्था) असतील तर ते व्हर्च्युअल मशीनच्या मॅनेजरमधूनच डिलीट करा. इथे डिलीट म्हणजे मर्ज: बदल मूळ डिस्कमध्ये मिसळतात, डेटा जात नाही. मर्ज होताना होस्टवर (ज्यावर व्हर्च्युअल मशीन चालते तो संगणक) तात्पुरती बरीच जागा लागते, ती आधी मोकळी करा.

शेवटी चार गोष्टी लिहून ठेवा: फर्मवेअर कोणतं, कंट्रोलर कोणता, डिस्कचा कमाल आकार किती, सिक्युअर बूट (फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारी सोय) चालू की बंद. आणि मूळ फाइलला हात न लावता काम कॉपीवर करा. कॉपी पेनड्राइव्हने नेणार असाल तर तो एफएटी३२ नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस घ्या. पोचल्यावर दोन्हीकडे एसएचए-२५६ (फाइलचा ठसा दाखवणारा आकडा) काढून ताळा करा. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल -हॅशफाइल’, फाइलचं नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’, लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’. ताळा जुळला की ‘फाइल बिघडली असेल’ ही शंका कायमची मिटते आणि खरं कारण शोधता येतं.

फाइल जोडलीच जात नाही

इथलं सर्वांत धोक्याचं कारण स्नॅपशॉट. मोठी फाइल दिसते, तीच डिस्क समजून उचलली जाते, पण ती असते मूळ डिस्क, आणि नंतरचे महिनोन्‌महिन्यांचे बदल दुसऱ्या फाइलमध्ये असतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमध्ये महिरपी कंसातल्या लांब नावाने असतात, व्हीएमवेअरमध्ये नावाच्या शेवटी ०००००१ असा आकडा असतो, हायपर-व्हीमध्ये एक्स्टेन्शन एव्हीएचडीएक्स असतं. फक्त मूळ फाइल नेली तर ती बूट होईलही, पण जुन्या तारखेची सिस्टिम दिसेल.

त्यानंतर जे घडतं ते जास्त वाईट. मूळ फाइल अशी एकदा जरी बूट केली तरी तिच्यात लिहिलं जातं, आणि मग तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नॅपशॉटच्या फाइली तिच्याशी जुळत नाहीत. व्हीएमवेअरचा ‘पॅरेंट डिस्क बदलली आहे’ हा संदेश याचाच. व्हीएमडीकेच्या वर्णन-फाइलमधला सीआयडी (डिस्कची ओळख) आकडा हाताने जुळवून संदेश घालवता येतो, पण मूळ डिस्कवर खरोखर काही लिहिलं गेलं असेल तर आतली फाइल सिस्टिम विस्कटते. त्यामुळे साखळीतल्या सगळ्या फाइली एकत्र न्या, नाहीतर आधी मर्ज करा. हायपर-व्हीमध्ये फाइली शाबूत आहेत पण फोल्डर बदललं, एवढंच असेल तर ‘इन्स्पेक्ट डिस्क’मधून ‘रीकनेक्ट’ करून मूळ फाइलची नवी जागा दाखवली की काम होतं.

व्हीएमवेअरची डिस्क नेताना आणखी एक चूक होते. काही केबी एवढी छोटी व्हीएमडीके फाइल ही फक्त वर्णन असते. खरा डेटा ‘फ्लॅट’ नावाच्या किंवा एस००१, एस००२ अशा तुकड्यांच्या फाइलींमध्ये असतो. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये आणि त्याच नावांनी हव्यात.

व्हर्च्युअलबॉक्स ‘हाच यूयूआयडी असलेली डिस्क आधीच आहे’ म्हणत असेल तर तुम्ही डिस्क फाइल मॅनेजरमधून कॉपी केली आहे. प्रत्येक डिस्क-फाइलमध्ये तिचा ओळखक्रमांक लिहिलेला असतो आणि कॉपीत तोही तसाच येतो. ‘व्हीबॉक्समॅनेज इंटर्नलकमांड्स सेटएचडीयूयूआयडी’ आणि पुढे फाइलचं नाव, एवढी एक कमांड नवा क्रमांक देते. पुढच्या वेळी कॉपीऐवजी ‘क्लोनमीडियम’ वापरा.

हायपर-व्ही किंवा विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट ‘फाइल कॉम्प्रेस्ड, एन्क्रिप्टेड किंवा स्पार्स असता कामा नये’ असं सांगतं तेव्हा फाइल जवळजवळ नेहमी विंडोजवर ‘क्यूईएमयू-आयएमजी’ या रूपांतराच्या साधनाने बनवलेली असते. रूपांतर बरोबरच झालेलं असतं, पण फाइलवर एनटीएफएसचा स्पार्स (रिकामी जागा न साठवणारा) झेंडा लागून राहतो आणि विंडोज अशी फाइल घेत नाही. ‘एफएसयूटिल स्पार्स सेटफ्लॅग’, मग फाइलचं नाव, मग ०, एवढं दिलं की झेंडा उतरतो. फोल्डर कॉम्प्रेस केलेलं असेल तर ‘कॉम्पॅक्ट /यू’. याच साधनात जुन्या व्हीएचडी फॉरमॅटचं नाव ‘व्हीपीसी’ आहे, हेही ध्यानात असू द्या. ‘व्हीएचडी’ लिहिलं तर अनोळखी फॉरमॅट म्हणून नकार मिळतो. पण व्हीएचडी मुळात निवडायचं कशाला? त्याची मर्यादा २ टीबीच्या आसपास आहे, व्हीएचडीएक्सची ६४ टीबी, आणि वीज अचानक गेली तर व्हीएचडीएक्स आपल्या नोंदवहीमुळे जास्त सुरक्षित राहतं. पुढचं साधन व्हीएचडीच मागत असेल तरच ते घ्या.

फर्मवेअरपाशी थांबतं

‘नो बूटेबल मीडियम’, यूईएफआय शेलचा पिवळा-पांढरा मजकूर, किंवा नेटवर्कवरून बूट करायचे निष्फळ प्रयत्न. इथे सिस्टिमला हात लावू नका, कारण ती अजून सुरूच झालेली नाही.

आधी फर्मवेअर जुळवा. डिस्कवर एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी) असेल तर बायोस, जीपीटी (नवी मांडणी) आणि सोबत एफएटी३२ची ईएफआय पार्टिशन असेल तर यूईएफआय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘सिस्टिम’ सेटिंगमधली ‘एनेबल ईएफआय’ ही खूण, व्हीएमवेअरमध्ये व्हीएमएक्स फाइलमधली ‘फर्मवेअर’ची ओळ. हायपर-व्हीमध्ये जनरेशन १ म्हणजे बायोस आणि जनरेशन २ म्हणजे यूईएफआय. हा निर्णय मशीन बनवताना एकदाच घेता येतो. चुकला तर नवी मशीन बनवून तीच डिस्क जोडा, दोन मिनिटांचं काम आहे. जनरेशन १ फक्त आयडीई कंट्रोलरवरून बूट होते, एससीएसआयवरून नाही. जनरेशन २ला व्हीएचडीएक्सच लागते. लिनक्स असेल तर जनरेशन २मधलं सिक्युअर बूटचं टेम्प्लेट ‘मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट अथॉरिटी’ असं बदला, कारण मूळ टेम्प्लेट फक्त विंडोजची सही मानतं.

जुनं विंडोज एमबीआरवर आहे आणि नवी जागा यूईएफआयच मागते, तर विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून ‘एमबीआर२जीपीटी’ सोबत येतं. आधी ‘/व्हॅलिडेट’, ते उत्तीर्ण झालं तरच ‘/कन्व्हर्ट’. चालू विंडोजमधून करायचं तर ‘/अलाउफुलओएस’ जोडावं लागतं. रूपांतरानंतर त्याच मशीनचं फर्मवेअर यूईएफआयवर न्यायला विसरू नका.

फर्मवेअर जुळतंय आणि तरीही यूईएफआय शेलच येतो, हा अनुभव लिनक्सवाल्यांना हमखास येतो. ‘उबंटू’ किंवा ‘फेडोरा’ ही बूट-नोंद एनव्हीरॅममध्ये होती आणि ती जुन्या मशीनपाशीच राहिली. नोंद नसेल तर फर्मवेअर डिस्कवर एकाच ठराविक जागी शोधतं: ‘ईएफआय’ फोल्डरमधलं ‘बूट’, त्यातली ‘बूटएक्स६४.ईएफआय’. आत्तापुरतं फर्मवेअरच्या मेनूतून ‘बूट फ्रॉम फाइल’ निवडा आणि डिस्ट्रोच्या फोल्डरमधली ‘शिमएक्स६४.ईएफआय’ दाखवा. सिस्टिम सुरू झाली की डेबियन किंवा उबंटूवर ‘ग्रब-इन्स्टॉल’ला ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय देऊन चालवा. तो ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) त्या ठराविक जागी ठेवतो, आणि यापुढे डिस्क कुठेही नेली तरी नोंदीची गरज उरत नाही. फिरत्या डिस्कसाठी हे पहिल्या दिवशीच करून ठेवावं.

विंडोजचा लोगो येतो आणि निळी स्क्रीन: स्टॉप कोड ७बी

‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून कारण नीट समजून घ्या. बूटलोडरने फर्मवेअरच्या मदतीने कर्नल वाचून मेमरीत आणलं, तोवर विंडोजला स्वतःचा ड्रायव्हर लागला नव्हता. आता कर्नलने डिस्कचा ताबा स्वतः घ्यायचा आहे, आणि ज्या कंट्रोलरवर ती बसली आहे त्याचा ड्रायव्हर बूटच्या वेळी सुरू होणाऱ्यांत नाही. विंडोज बसवताना जो कंट्रोलर दिसला त्याचाच ड्रायव्हर बूट-यादीत राहतो. बाकीचे सिस्टिममध्ये असले तरी झोपलेले असतात.

पहिला उपाय अगदी साधा: नव्या मशीनमध्ये जुन्यासारखाच कंट्रोलर द्या. व्हर्च्युअलबॉक्सवर साटा एएचसीआय होता तर व्हीएमवेअरमध्येही साटा निवडा, केव्हीएममध्ये व्हर्टआयओऐवजी (व्हर्च्युअल मशीनसाठीचा खास कंट्रोलर) साटा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

तसा कंट्रोलर देता येत नसेल, उदाहरणार्थ हायपर-व्ही जनरेशन २मध्ये, तर सेफ मोडची युक्ती चालते. विंडोजच्या इन्स्टॉलेशन आयएसओवरून बूट करा, ‘रिपेअर’मधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘बीसीडीएडिट /सेट’ला ‘डिफॉल्ट’ नोंद देऊन ‘सेफबूट मिनिमल’ करा. सेफ मोडमध्ये विंडोज सोबत आलेले सगळे डिस्क-ड्रायव्हर उठवून पाहतं आणि जो लागला त्याला बूट-यादीत घेतं. एकदा आत पोचलात की ‘बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू’ने ‘सेफबूट’ काढा आणि नेहमीसारखं सुरू करा. एएचसीआय, एनव्हीएमई, हायपर-व्हीचा एससीएसआय यांना हे पुरतं, कारण त्यांचे ड्रायव्हर विंडोजसोबतच येतात.

व्हर्टआयओचा ड्रायव्हर विंडोजसोबत येत नाही, म्हणून तिथे क्रम असा ठेवा. डिस्क आधी साटावर जोडून विंडोज सुरू करा. १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा. व्हर्टआयओ-विन आयएसओमधून ड्रायव्हर बसवा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती रिकामी डिस्क दिसली पाहिजे. दिसली म्हणजे ड्रायव्हर खरोखर चालू आहे. मग बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या आणि रिकामी काढून टाका. नुसता ड्रायव्हर बसवून, डिस्क न जोडता थेट कंट्रोलर बदलला तर ७बी परत येतो, कारण ज्या ड्रायव्हरला यंत्रच दिसलं नाही त्याला विंडोज बूट-यादीत घेत नाही.

मशीन सुरूच होत नसेल तर बाहेरून ड्रायव्हर घाला: डिस्क दुसऱ्या विंडोजवर जोडून किंवा रिपेअर प्रॉम्प्टवरून ‘डीआयएसएम’ला ‘/इमेज’मध्ये त्या डिस्कचं ड्राइव्ह-अक्षर, ‘/अॅड-ड्रायव्हर’ आणि ‘/ड्रायव्हर’मध्ये आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर द्या. रिपेअर प्रॉम्प्टमध्ये सी हे अक्षर भलत्याच पार्टिशनला लागलेलं असू शकतं, म्हणून आधी ‘डिस्कपार्ट’मध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ पाहा.

हाच मार्ग नव्या इंटेल लॅपटॉपवरही लागतो. ११व्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपमध्ये इंटेल व्हीएमडी (एसएसडी आपल्यामागे घेणारा इंटेलचा कंट्रोलर) चालू असतं, एनव्हीएमई त्याच्या मागे लपलेली असते, आणि व्हर्च्युअल मशीनमधून आलेल्या विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं सोपं वाटतं, पण मग लॅपटॉपचं मूळ विंडोज ७बी देऊ लागेल. ड्रायव्हर घालणंच बरं.

लिनक्स ड्रेकटच्या प्रॉम्प्टवर थांबतं

कारण तेच, नाव वेगळं. फेडोरा, रेड हॅट आणि त्यांचे भाऊबंद इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी ड्रायव्हरची छोटी पेटी) बनवताना चालू मशीनला लागतील तेवढेच मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, घेतात. डेबियन आणि उबंटू मुळातच बहुतेक सगळे घेतात, म्हणून ते सहज हलतात. ग्रबच्या मेनूत ‘रेस्क्यू’ नोंद असेल तर ती निवडा, तिच्यात सगळे मॉड्यूल असतात. आत गेल्यावर ‘ड्रेकट’ला (ही पेटी बनवणारं साधन) ‘नो-होस्टओन्ली’, ‘फोर्स’ आणि ‘रीजनरेट-ऑल’ हे पर्याय द्या. ‘एफएसटॅब’मध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) ‘एसडीए१’ अशी नावं असतील तर यूयूआयडी लिहा, कारण व्हर्टआयओवर तीच डिस्क ‘व्हीडीए’ होते.

व्हीएचडीएक्स थेट लॅपटॉपवर चालवायची आहे

पार्टिशन न तोडता एकाच लॅपटॉपवर अनेक विंडोज ठेवायला हा उत्तम मार्ग आहे. विंडोज ७पासून व्हीएचडी आणि विंडोज ८पासून व्हीएचडीएक्स अशी बूट करता येते. कृती छोटी आहे. फाइल अंतर्गत एनटीएफएस ड्राइव्हवर ठेवा. राइट क्लिक करून ‘माउंट’ करा. समजा आतल्या विंडोजला व्ही हे अक्षर मिळालं, तर अॅडमिनिस्ट्रेटर प्रॉम्प्टवर ‘बीसीडीबूट’ आणि पुढे व्ही ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरचा पत्ता. पुन्हा सुरू करताना मेनूत दोन विंडोज दिसतील. नवी नोंद डिफॉल्ट होते, ‘एमएसकॉन्फिग’च्या बूट टॅबमध्ये ती बदला. नोंदीत फाइलचा पूर्ण पत्ता असतो, म्हणून फाइलचं नाव किंवा फोल्डर बदललं की बूट मोडतं; मग परत ‘बीसीडीबूट’.

इथली खास चूक स्टॉप कोड १३६. फाइल डायनॅमिक (गरजेनुसार वाढणारी) आहे, प्रत्यक्षात २५ जीबी दिसते, पण कमाल आकार १२८ जीबी आहे आणि ड्राइव्हवर ६० जीबी मोकळी आहे. थेट बूटमध्ये विंडोज सुरुवातीलाच ती फाइल पूर्ण आकारापर्यंत फुगवतं. जागा नसेल तर थांबतं. शिवाय पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की वापरायची फाइल) व्हीएचडीएक्सच्या आत नाही, बाहेरच्या ड्राइव्हवर बनते, तिलाही जागा हवी. म्हणून मोकळी जागा मोजताना फाइलच्या आजच्या आकाराकडे पाहू नका. नवी बनवत असाल तर ‘डिस्कपार्ट’मध्ये ‘क्रिएट व्हीडिस्क’, ‘मॅक्सिमम=६५५३६’, ‘टाइप=फिक्स्ड’; आकडा एमबीत असतो, म्हणजे हे ६४ जीबी झाले. आधीची मोठी फाइल लहान करायची तर आतली पार्टिशन ‘श्रिंक’ करून मग पॉवरशेलमध्ये ‘रीसाइझ-व्हीएचडी’ला ‘टूमिनिममसाइझ’ द्या. त्यासाठी हायपर-व्हीची साधनं बसवलेली असावी लागतात.

ज्या ड्राइव्हवर फाइल आहे तो बिटलॉकरने बंद केलेला नसावा. पुष्कळ नवे विंडोज ११ लॅपटॉप एन्क्रिप्शन चालू करूनच येतात, त्यामुळे हे तपासल्याशिवाय सुरुवात करू नका. थेट बूटमध्ये हायबरनेशन मिळत नाही.

पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या एसएसडीवरून हेच करायचं तर व्हेंटॉय (ड्राइव्हवर ठेवलेल्या फाइलवरून बूट करवणारं साधन) वापरा. विंडोजसाठी पहिलं पार्टिशन एनटीएफएस हवं आणि ‘व्हेंटॉय’ फोल्डरमध्ये ‘व्हेंटॉय_व्हीएचडीबूट.आयएमजी’ ठेवावी लागते. लिनक्ससाठी डिस्क फिक्स्ड आकाराची हवी. आधी व्हर्च्युअल मशीनमध्येच ‘व्हीटॉयबूट’ स्क्रिप्ट चालवा, बंद करा आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.व्हीटॉय’ जोडा. कर्नल अपडेट झालं की स्क्रिप्ट परत चालवावी लागते.

बूट होतं, पण नेटवर्क नाही

लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव मशीनप्रमाणे बदलतं: व्हर्च्युअलबॉक्सवर ‘ईएनपी०एस३’, व्हीएमवेअरवर बहुधा ‘ईएनएस३३’, हायपर-व्हीवर ‘ईटीएच०’. ‘नेटप्लॅन’ किंवा नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये जुनं नाव अडकलेलं असतं, ते बदला.

एकाच डिस्कच्या दोन कॉप्या एकाच वेळी चालवणार असाल तर दोघींना एकच आयपी मिळून भांडण होऊ शकतं, मॅक अॅड्रेस वेगळे असले तरीही. सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीसाठी आपली ओळख ‘मशीन-आयडी’वरून बनवतं, आणि ती फाइल कॉपीत तशीच आली. कॉपीमध्ये ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘मशीन-आयडी’ फाइल रिकामी करा, डिलीट नको, आणि रीबूट करा. एसएसएचच्या होस्ट किल्ल्याही नव्या बनवा. विंडोजच्या अनेक कॉप्या वाटायच्या असतील तर कॉपी काढण्याआधी ‘सिसप्रेप’ला (विंडोजची मशीनपुरती ओळख पुसणारं साधन) ‘/जनरलाइझ /ओओबीई /शटडाउन’ द्या. व्हीएमवेअर पहिल्यांदा उघडताना ‘हलवली की कॉपी केली’ असं विचारतं, तेव्हा दोन्ही चालवायच्या असतील तर ‘कॉपी केली’ हेच उत्तर द्या, म्हणजे मॅक अॅड्रेस नवा मिळतो.

अॅपल सिलिकॉनच्या मॅकवर मात्र यातला एकही उपाय चालणार नाही. डिस्कवरची सिस्टिम एक्स८६ची आहे आणि प्रोसेसर आर्मचा. यूटीएमसारख्या साधनात एम्युलेशनने ती सुरू होते, पण फारच सावकाश चालते. तिथे आर्मची सिस्टिम नव्याने बसवा आणि जुन्या डिस्कमधून फक्त डेटा घ्या.